टाचण्या टोचलेली बाहुली खरोखर व्होदू धर्मातली आहे का?

रानजाई

नमस्कार. गेली सहा वर्षे मी मॉन्ट्रियलमध्ये राहते आणि ज्येष्ठ नागरिकांच्या एका निवासात काम करते. माझ्याबरोबर रात्रपाळी करणारी एक परिचारिका हैतीची आहे. तिचे लहानपण जाकमेल या गावी आजीजवळ गेले. गेल्या महिन्यात आम्ही सहकुटुंब न्यू ऑर्लिन्सला गेलो होतो, तेव्हा तिथल्या एका दुकानातून मी तिच्यासाठी कापडाची एक छोटी बाहुली आणली. बाहुलीला रंगीत डोक्यांच्या सात टाचण्या टोचलेल्या होत्या आणि कोणत्या टाचणीने काय घडते ते सोबतच्या कागदावर छापलेले होते. ‘तुमच्याकडची वस्तू’ म्हणून मी ती मोठ्या कौतुकाने तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, एकेक टाचणी काढून टेबलावरच्या वाटीत ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "माझ्या आजीच्या देवघरात असे काही कधीच नव्हते. हे बाहेरच्यांनी आमच्या नावावर खपवलेले आहे."

ती रागावली असती तर मला एवढे लागले नसते. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी या विषयावर लिहायचे ठरवले आहे. पण माझी स्वतःची माहिती चित्रपटांतून आणि लहानपणी वाचलेल्या रहस्यकथांतून आलेली आहे, आणि तिच्यावर विसंबून लिहिणे म्हणजे तीच चूक पुन्हा करणे होईल. हैतीच्या व्होदू धर्मात, म्हणजे चित्रपट ज्याला ‘वूडू’ म्हणतात त्यात, अशी बाहुली असते का? नसेल तर टाचण्या आल्या कुठून? आणि आफ्रिकेतल्या ज्या लाकडी मूर्तींवर शेकडो खिळे ठोकलेले संग्रहालयांत दिसतात, त्यांचा याच्याशी काय संबंध? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तळटीप

रानजाई, तुमच्या सहकारिणीचे म्हणणे बरोबर आहे. माणसाची प्रतिकृती करून तिला टाचण्या टोचायच्या आणि त्या माणसाला वेदना व्हाव्यात अशी इच्छा धरायची, हा विधी हैतीच्या व्होदू धर्माचा भाग नाही. युरोपात आणि भूमध्य समुद्राभोवती मात्र त्याचे पुरावे फार जुने आहेत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात रोमन काळातील, इजिप्तमध्ये सापडलेली मातीची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिचे हात पाठीमागे बांधलेले आहेत आणि अंगात तेरा सुया खुपसलेल्या आहेत. मातीच्या भांड्यात ती ठेवलेली होती आणि बरोबर शिशाच्या पत्र्यावर कोरलेला मजकूर होता. तो मजकूर वाचला की आपण थबकतो, कारण तिथे मारण्याची भाषा नाही. एका पुरुषाला एक स्त्री आपल्यावाचून कोणाची होऊ नये असे वाटत होते, आणि तिला बांधून आणण्यासाठी त्याने ही मूर्ती करवली होती.

पुढे इंग्लंडमध्ये १४४१ साली ग्लॉस्टरची डचेस एलिनॉर कॉबम हिच्यावर राजा सहाव्या हेन्रीच्या मृत्यूसाठी मेणाची प्रतिमा करवल्याचा आरोप झाला. प्रतिमा होती हे तिने नाकारले नाही. ती मूल व्हावे म्हणून करवली होती, असे तिचे म्हणणे होते. तिला जन्मभराचा कारावास झाला आणि प्रतिमा करून देणाऱ्या बाईला जिवंत जाळले गेले. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५९७ मध्ये चेटकिणींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात मेणाच्या किंवा मातीच्या प्रतिमा विस्तवावर धरल्या की ज्याच्या नावाने त्या केल्या तो माणूस झिजत जातो, असे स्वच्छ लिहिलेले आहे. त्या वेळी हैती नावाचे राष्ट्र अस्तित्वात यायला अजून दोनशे वर्षे होती.

मग ही बाहुली हैतीच्या माथी का बसली? माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर १ जानेवारी १८०४ या तारखेत आहे. त्या दिवशी सें-दोमिंग या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी आपले स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. १७९१ च्या ऑगस्टमध्ये उठावाची सुरुवात झाली, तेव्हा बुआ काइमान येथे झालेल्या व्होदू विधीची आठवण हैतीचे लोक आजही अभिमानाने सांगतात. आजूबाजूच्या बेटांवर आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामांच्या श्रमावर जगणाऱ्या मळेवाल्यांना या देशाची धडकी भरली होती. अमेरिकेने तर १८६२ पर्यंत त्याला मान्यताच दिली नाही. ज्या लोकांनी नेपोलियनच्या फौजेला हरवले त्यांचा धर्म रानटी आणि रक्तपिपासू आहे असे सांगणे सोयीचे होते. ब्रिटिश राजदूत स्पेन्सर सेंट जॉन याच्या १८८४ च्या पुस्तकाने नरभक्षणाच्या कथा युरोपभर पोचवल्या. १९१५ ते १९३४ या काळात अमेरिकी सैन्याने हैती ताब्यात ठेवली, व्होदूच्या पूजास्थानांवर धाडी घातल्या, ढोल जप्त केले. आणि परतणाऱ्या सैनिकांच्या व प्रवाशांच्या भडक वर्णनांवर हॉलिवूडने १९३२ पासून भयपट उभे केले. युरोपच्या खेड्यापाड्यांत ओळखीची असलेली टोचण्याची बाहुली या गोष्टींत सहज मिसळून गेली. तुम्ही आणलेली बाहुली ही त्या प्रवासाच्या शेवटी, पर्यटकांच्या बाजारात तयार झालेली वस्तू आहे.

एक गोष्ट अवश्य लिहा. व्होदूमध्ये सर्वोच्च देव एकच आहे, त्याला बोंद्ये म्हणतात, आणि माणसाच्या रोजच्या सुखदुःखात लक्ष घालणाऱ्या देवतांना ल्वा म्हणतात. पूजा सांगणारा पुरुष तो उंगान आणि स्त्री ती मांबो. विधीच्या आरंभी मांबो मक्याचे पीठ चिमटीतून सोडत जमिनीवर त्या ल्वाचे चिन्ह काढते, त्याला वेवे म्हणतात. अंगठा आणि तर्जनी यांमधून पीठ ज्या सफाईने सुटते ते पाहून आपल्याकडच्या कोणालाही दारातली रांगोळी आठवेल. पुढे पूजा सुरू झाली की नाचणाऱ्यांच्या पायांखाली ते चिन्ह पुसून जाते, आणि ते पुसले जावे अशीच अपेक्षा असते.

कौलारू

तळटीप यांच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खिळ्यांच्या त्या मूर्ती बघून ‘बाहुलीचे मूळ हेच’ असा निष्कर्ष भलेभले काढतात.

त्या मूर्ती कोंगो लोकांच्या आहेत. त्यांना न्किसी न्कोंदी म्हणतात. मूर्ती म्हणजे शत्रूची प्रतिकृती, हा आपला पहिलाच समज तिथे चुकतो. ती मूर्ती साक्षीदार असते आणि रखवालदारही असते. दोन कुटुंबांचा तंटा मिटला, दोन गावांचा तह झाला, कोणी चोरी न केल्याची शपथ घेतली, की न्गांगा म्हणजे विधी जाणणारा वैद्य मूर्तीत एक खिळा किंवा लोखंडी पाते ठोकतो. ठोकण्यापूर्वी शपथ घेणारा ते पाते जिभेला लावतो, म्हणजे शब्द कोणाचा हे मूर्तीला कळते. शब्द मोडणाऱ्याचा माग ती काढील अशी श्रद्धा असते. न्कोंदी या शब्दाच्या मुळाशी शिकार करण्याचा अर्थ आहे. मूर्तीच्या पोटावर बहुधा एक पेटीसारखा भाग असतो, त्यात औषधी माती, मुळ्या आणि अशाच शक्तीच्या मानलेल्या वस्तू भरून तो आरशाने बंद केलेला असतो. म्हणजे आपण संग्रहालयाच्या काचेआडून ज्याला छळ समजतो ती एका गावाच्या करारमदारांची चोपडी आहे, आणि एकेक खिळा म्हणजे एकेक नोंद. वसाहतीच्या काळात अधिकाऱ्यांनी आणि धर्मप्रचारकांनी या मूर्ती गावांतून उचलून युरोपला नेल्या. त्या गावांचे किती निवाडे त्यांच्याबरोबर गेले असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

व्होदू हा शब्द मात्र कोंगोतला नाही. तो दाहोमी राज्यातला, म्हणजे आजच्या बेनिन देशातला. तिथल्या फोन भाषेत व्होदून म्हणजे देवता. फोन लोकांच्याही लाकडी मूर्ती असतात, त्यांना बोचिओ म्हणतात. दोऱ्यांनी आवळलेल्या, कधी कुलूप अडकवलेल्या अशा या मूर्ती घराच्या किंवा गावाच्या वेशीपाशी रोवतात, ते येणारे संकट त्यांनी अंगावर घ्यावे म्हणून. याच प्रदेशात जुळ्या मुलांना देवत्व देतात. जुळ्यांपैकी एक मूल गेले तर आई त्याची वीतभर उंचीची लाकडी मूर्ती करवून घेते, तिला आंघोळ घालते, कपडे शिवते, जिवंत भावंडाबरोबर जेवू घालते आणि बाजारात जाताना पदरात खोचून नेते. लहान मुले दगावण्याचे प्रमाण मोठे असलेल्या समाजात दुःख सांभाळण्याची ही रीत आहे. आफ्रिकेतून अटलांटिकपार गेलेल्या बाहुल्यांच्या गोष्टीत मला ही बाहुली सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि दुकानातल्या बाहुलीसारखी तिच्यात कोणाविषयी वैर नाही.

सें-दोमिंगमध्ये उठावाच्या आधीच्या दशकांत आणले गेलेले गुलाम मोठ्या संख्येने कोंगोकडचे होते. त्यामुळे हैतीच्या व्होदूत दाहोमीचा वारसा जसा आहे तसा कोंगोचाही आहे. त्यातली सर्वांत ठळक वस्तू म्हणजे पाकेत कोंगो. हे एक पुरचुंडीवजा गाठोडे असते. औषधी वनस्पती, माती आणि इतर सामग्री उंगान कापडात बांधतो, वर रेशमी फितींची लांब मान गुंडाळतो, टिकल्या लावतो, शेंड्याला पिसे खोचतो. देवतेप्रमाणे रंग ठरतात; देवता स्त्री असेल तर कमरेवर हात ठेवल्यासारखे दोन कान काढतात, त्यामुळे दुरून ते ठेंगण्या बाईसारखे दिसते. आजाऱ्याला बरे करण्यासाठी आणि रक्षणासाठी ते वापरतात. आणि त्यात टाचण्या असतात! फिती आणि टिकल्या जागच्या जागी धरून ठेवण्यासाठी त्या टोचाव्याच लागतात. परक्या माणसाने हे गाठोडे पाहिले आणि त्याच्या डोक्यात आधीपासून युरोपातली मेणाची बाहुली असली, तर त्याने काय अर्थ लावला असेल ते उघड आहे.

सह्यकडा

मी २०१२ साली भारताच्या पोलीस तुकडीबरोबर संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत हैतीत होतो. वरील दोघांच्या अभ्यासापुढे माझे अनुभव थोडे आहेत. पण ‘बाहुल्या नसतातच’ असा समज होऊ नये म्हणून लिहितो. बाहुल्या असतात.

पोर्तोप्रेन्सच्या मोठ्या दफनभूमीत १ आणि २ नोव्हेंबरला गेदे देवतांचा उत्सव असतो. गेदे म्हणजे मृतांच्या देवता, आणि त्यांचा प्रमुख बावों सामदी. काळे, जांभळे, पांढरे कपडे घालून माणसे लोटतात. बावोंच्या क्रुसापाशी मेणबत्त्या लावतात, कॉफी ओततात, तिखट मिरच्या घालून मुरवलेली क्लेरें नावाची उसाची दारू ओततात. बंदोबस्तासाठी मी भिंतीलगत उभा होतो. भिंतीच्या कडेच्या झाडाला चिंध्यांची एक बाहुली सुतळीने बांधलेली होती, डोके खाली, पाय वर. शेजारी एक जुना बूट खिळ्याने ठोकलेला होता. मनात पहिला विचार आला तो गावाकडचाच, की कोणीतरी कोणावर करणी केली आहे. मी आमच्या दुभाष्याला हळूच विचारले. तो म्हणाला, "साहेब, ते पत्र आहे." कोणीतरी आपल्या गेलेल्या माणसाला निरोप धाडला होता आणि बाहुली तो निरोप घेऊन जाणार होती. कोणाचा निरोप, कशाबद्दल, हे विचारायचे नसते असेही त्याने सांगितले.

दुसरी जागा म्हणजे शहरातला लोखंडी मंडईचा बाजार. २०१० च्या भूकंपानंतर ती मंडई नव्याने उभी केली होती. तिथे व्होदूच्या वस्तूंच्या दुकानांत टिकल्यांनी भरलेले झेंडे, बाटल्या, आणि प्लास्टिकच्या जुन्या बाहुल्यांची डोकी बसवून केलेल्या देवतामूर्ती असत. या प्रकारच्या कामासाठी पिएरो बारा आणि त्यांची पत्नी मारी कासेझ यांचे नाव त्याआधीच जगभर झाले होते; अमेरिकेतून फेकून दिलेल्या बाहुल्यांना ते मखमल, मोती, आरसे लावून देवतेचे रूप देत. गोऱ्या गालांची, निळ्या डोळ्यांची बाहुली तिथे एझिली नावाची देवी होऊन बसलेली पाहिली की आपली नजर गोंधळते, पण समोर हात जोडलेल्या बाईचा गोंधळ झालेला नसतो.

तळटीप

सह्यकडा, आपली दुरुस्ती मला मान्य आहे. ‘बाहुली नाही’ असे म्हणण्याऐवजी ‘छळण्याची बाहुली नाही’ असे मी लिहायला हवे होते.

याच ओघात आणखी एक कबुली द्यायला हवी. व्होदूत सगळे मंगलच आहे असे चित्र रंगवले तर तेही असत्य होईल. पैसे घेऊन दुसऱ्याचे वाईट करून देणारे लोक हैतीत आहेत. अशा माणसाला बोको म्हणतात आणि ‘तो दोन्ही हातांनी काम करतो’ असे त्याच्याबद्दल बोलतात. त्याच्या कामाला वांगा म्हणतात, आणि त्यात बहुधा बाटल्या, आरसे, कात्र्या, दोरे यांची बांधणी असते. वांगा रक्षणासाठीही करतात आणि वशीकरणासाठीही. प्रामाणिक उंगान आणि मांबो या व्यवहारापासून स्वतःला वेगळे राखतात. एखाद्या धर्माची ओळख त्यातल्या भोंदूंवरून करून द्यायची नसते, एवढेच लेखात सांभाळा.

उंबरठा

मला या चर्चेत एका गोष्टीची भर घालावीशी वाटते. ‘खेळण्यातल्या बाहुलीने कोणाचे काय बिघडले’ असे काही वाचक म्हणतील, म्हणून लिहिते.

या वस्तूंची भीती कायद्यात उतरलेली आहे. माकांदाल नावाच्या बंडखोर गुलामाला १७५८ साली जाळून मारल्यावर वसाहतीच्या न्यायमंडळाने रक्षणाची पुरचुंडी बनवण्यावरच बंदी घातली, आणि त्या पुरचुंड्यांना त्याचेच नाव पडले. स्वतंत्र हैतीच्याही १८३५ च्या दंडसंहितेत असल्या विधींना शिक्षा होती. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने अंधश्रद्धेविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा घराघरांतून ढोल, मूर्ती, भांडी गोळा करून त्यांच्या होळ्या पेटवल्या, पवित्र मानलेली झाडे तोडली. सरकारने व्होदूला धर्म म्हणून मान्यता दिली ती २००३ साली. त्यानंतरही २०१० मध्ये पटकीची साथ आली, तेव्हा उंगान लोकच विषारी भुकटी टाकून रोग पसरवतात अशी अफवा उठली आणि चाळीसहून अधिक जणांना जमावाने ठार मारले. साथीचे जंतू नदीत मिसळले होते ते संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरून. ‘व्होदू म्हणजे दुसऱ्याला गुपचूप मारण्याची विद्या’ ही समजूत रुजलेली नसती तर त्या माणसांकडे बोट गेले असते का, हा प्रश्न मी गंभीरपणे विचारते आहे.

मराठी शब्दांबाबतही एक विनंती. इंग्रजीतून आलेला ‘वूडू’ हा उच्चार चित्रपटांचा आहे. हैतीचे लोक ‘व्होदू’ म्हणतात, तोच वापरावा. ‘काळी जादू’, ‘जादूटोणा’, ‘अघोरी’ हे शब्द त्या धर्मासाठी नकोत. आणि शक्य असेल तिथे बाहुलीऐवजी मूर्ती म्हणावे. आपल्या देव्हाऱ्यात खंडोबाचे, भवानीचे, घराण्यातल्या वीराचे टाक असतात. बोटभर रुंदीच्या त्या चांदीच्या पत्र्यांना कोणी ‘पूर्वजांचे खेळणे’ म्हटले तर आपल्याला जसे वाटेल, तसेच त्यांना वाटते. नव्या घराच्या बांधकामावर आपण काळी बाहुली टांगतो ती दृष्ट लागू नये म्हणून. तिच्याकडे पाहून कोणी आपल्याला मारेकरी ठरवत नाही.

कौलारू

उंबरठा, टाकांची तुलना चपखल आहे, पण ती ताणू नये. व्होदूत पूजेच्या जागी मूर्तींपेक्षा कॅथलिक संतांची छापील चित्रे अधिक दिसतात. १६८५ च्या फ्रेंच कायद्याने प्रत्येक गुलामाचा बाप्तिस्मा सक्तीचा केला होता आणि लोकांनी त्या संतांमध्ये आपले ल्वा ओळखले. पायाशी साप असलेले सेंट पॅट्रिक म्हणजे नागदेवता दांबाला. गालावर दोन व्रण असलेली पोलंडची काळी माता म्हणजे एझिली दांतो; नेपोलियनने १८०२ मध्ये पाठवलेल्या पोलिश सैनिकांबरोबर ते चित्र बेटावर आले असे मानतात. रानजाईंच्या सहकारिणीने ‘आजीचे देवघर’ म्हटले, त्यात बहुधा अशीच चित्रे असतील.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्रपाळीला मी तिला हे प्रतिसाद फ्रेंचमध्ये वाचून दाखवले. खिळ्यांच्या मूर्तीचे वर्णन तिलाही नवीन होते. पाकेतचा उल्लेख आला तेव्हा तिने मला थांबवले आणि फोनवर एक फोटो शोधून दाखवला: आजीच्या खोलीतला कोनाडा, काळ्या मातेचे धुराने पिवळे पडलेले चित्र, आणि त्याच्या पुढ्यात लाल-निळ्या फितींचे एक गाठोडे. तिने फोटो मोठा करून फितींवरचे चकाकते ठिपके दाखवले. त्या टाचण्याच होत्या. फीत सैल झाली की आजी नवी टाचणी लावायला तिला बोलवायची, कारण आजीला सुईएवढे बारीक दिसत नसे.

फोटो छापू नको, पण हे लिहायला हरकत नाही, असे तिने सांगितले आहे. मसुदा पुढच्या आठवड्यात इथेच टाकते. शब्दांच्या आणि तपशिलांच्या चुका कृपया दाखवाव्यात.